सोपा पेपर

कॉलेजच्या प्रवेशाआधी नव्या मुलांची चाचणी होते, त्या खोलीत वीस संगणक आणि देखरेखीला एक बाई. ओळखपत्रं बघायची, फोन काढून घ्यायचे, वेळ सांगायची. पोरं त्यांना घड्याळबाई म्हणत.

चाचणी मोठी लबाड. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. मुलांना हे ठाऊक नसे आणि सांगायची बाईंना बंदी. त्यामुळे घाम पुसत बाहेर येणारी थेट पहिल्या वर्षाला जात आणि हसत येणारी तयारीच्या वर्गाला. तिथून निम्मी वर्षभरात गळत.

सहा वर्षांपूर्वी एक पोर अशीच हसत आली. "बाई, पेपर कित्ती सोपा!" म्हणत गळ्यात पडली. पुढे बाईंना दिसली ती चपलांच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलेली. वर बघून म्हणाली, "बाई, पेपर तर सोपा गेला होता ना? मग कसं झालं?" तेव्हापासून भांडी घासताना, जिना चढताना, तो प्रश्न मानगुटीवर बसलेला.

आणि आज खिडकीजवळ सख्खी भाची. पडद्यावर अपूर्णांकांची बेरीज. बाईंच्या पुढच्या फेरीला साधी वजाबाकी. आणि पोरगी खुशाल गुणगुणतेय!

शेवटच्या प्रश्नाआधी तब्येत बिघडून उठलं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा बसता येतं. बाई वाकल्या.

"तुला बरं वाटत नाहीये."

"छे गं मावशी! मस्त चाललंय."

"चक्कर येतेय तुला. ऊठ."

"वेड लागलंय का तुला?"

बाईंनी दंड धरून तिला उठवलंच.

संध्याकाळी बहीण कडाडली, "वाटोळं करायला माझीच पोरगी सापडली?" खरं सांगावं तर बाईंची नोकरी जाणार; बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

भाचीने रागाच्या भरात पंधरा दिवस पुस्तकातून मान वर काढली नाही. पुन्हा बसली आणि तासाभराने बाहेर आली ती राखेसारखा चेहरा घेऊन.

"मावशी, फार अवघड होता गं. बुडाले मी."

बाईंनी दाराची चौकट धरली. "बरं झालं," एवढंच तोंडून निघालं.

तेवढ्यात मागून कुणीतरी उड्या मारत आलं.

"बाई, पेपर कित्ती सोपा!"

घड्याळबाईंनी वळून पाहिलं नाही.