पडद्यावरच्या पाहुण्यांचं प्रास्ताविक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढे नीट सांगता येईल. फजिती माझीच आहे, आणि माझ्या फजितीवर कोणी मध्येच हसलं की माझा पारा चढतो. चहा ओतलात? द्या इकडे.

तर आधी एक सांगा मला. पद्धत म्हणून काही असते की नाही जगात? दारात पाहुणा आला तर आपण त्याला 'हं, बोला' म्हणतो का? आधी गूळपाणी देतो, बसा म्हणतो, एसटी वेळेवर मिळाली का विचारतो. मग कामाचं. कार्यक्रमाचंही तसंच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, सत्कार, आणि त्यानंतर पाहुण्यांनी तोंड उघडायचं. त्याआधी नाही! हे काय मी ठरवलंय?

मी मुळ्ये. रत्नागिरीत एका कॉलेजात मराठी शिकवायचो. शिकवायचो ते शिकवायचो, पण गावात मला ओळखतात ते माइकमुळे. कॉलेजात काहीही असो, सूत्रसंचालन मुळ्यांचं. गॅदरिंग मुळ्यांचं, निरोपसमारंभ मुळ्यांचा, शोकसभासुद्धा मुळ्यांचीच. एका शोकसभेत तर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण वाजवल्या.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आमच्याकडे ते उपग्रहावरचं शिक्षण आलं. म्हणजे पुण्याला एका स्टुडिओत बसून प्राध्यापक बोलणार, आणि राज्यभरातल्या कॉलेजांतली मुलं त्यांना टीव्हीवर बघणार. माझ्या तर कपाळाला आठ्याच पडल्या. समोर जिवंत माणूस उभा असताना मुलं ऐकत नाहीत, ती टीव्हीचं ऐकणार?

पण गरज होती हो. खोटं कशाला बोलू? अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्राचा पेपर होता आणि तो शिकवायला माणूसच नव्हता. जाहिरात निघायची, निवड व्हायची, निवडलेला गृहस्थ एक पावसाळा बघायचा आणि बदली घेऊन पसार. परीक्षा तोंडावर आलेली आणि 'सहसंबंध' नावाचं अख्खं प्रकरण कोणी शिकवलंच नव्हतं. त्यावर मोठा प्रश्न हमखास यायचा.

त्या वर्गात वैशाली तोडणकर म्हणून एक मुलगी होती. राजापूरच्या पुढे खाडीकाठच्या गावातली, वडील होडीवर जाणारे. आदल्या वर्षी याच एका पेपरात तिची दांडी उडाली होती. या खेपेला राहिलीस तर पुरे झालं शिक्षण, असं तिला घरून बजावलेलं. आणि टीव्हीवरचं पहिलंच व्याख्यान नेमकं त्या सहसंबंधावर, पुण्याच्या डॉ. इनामदारांचं. पोर त्या दिवशी पहिल्या एसटीने येऊन पहिल्या बाकावर बसली होती. हे लक्षात ठेवा. माझ्या तेव्हा राहिलं नाही, तुम्ही तरी ठेवा.

यंत्रणेचं काम फिजिक्सच्या मयेकर मॅडमकडे. त्या पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला स्टाफरूममध्ये गाठून सांगितलं, की सर, व्याख्यान बरोबर अकराला सुरू होतं आणि बाराला संपतं. मी म्हटलं, मॅडम, काळजी नको, निमंत्रणपत्रिकेवर मीसुद्धा अकराच छापलंय. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मला स्वागतगीताच्या मुली बघायच्या होत्या.

आता खरा पेच होता सत्काराचा. पाहुणे पुण्यात, हार रत्नागिरीत. प्राचार्य जाधव साताऱ्याकडचे, त्यांना सगळं दणक्यात लागायचं. ते म्हणाले, टीव्हीला घालू. मी कपाळावर हात मारला. अहो, काचेमागे माणूस आणि वरून हार, हे कशाचं लक्षण? पुण्यात डॉक्टरांच्या बायकोने बघितलं तर आपल्याला काय म्हणतील? बराच खल झाला. शेवटी ठरलं, की हार नको, टीव्हीवर शाल पांघरायची आणि पुढ्यात नारळ ठेवायचा. सोबत फणसपोळी. ती पाहुण्यांच्या वतीने प्राचार्यांनी स्वीकारावी.

झालं! दिवस उजाडला. खोली गच्च भरली. समोर मोठा टीव्ही, शेजारी तिकाटण्यावर कॅमेरा, टेबलावर एक छोटासा माइक. अकराच्या आधी पुण्याहून एकेका केंद्राला आवाज येतोय का विचारलं. मयेकर मॅडमनी माइकचं बटण दाबून 'रत्नागिरी, येतोय' म्हटलं, बटण बंद केलं आणि वीज जाईल म्हणून जनरेटर बघायला खाली गेल्या. लोडशेडिंगचे दिवस होते ते.

मी दीपप्रज्वलनाला सुरुवात केली. पंख्याच्या वाऱ्याने काडी टिकेना. पंखा बंद करायला सांगितला तर कोणीतरी ट्यूबलाइटच बंद केली. एवढ्यात टीव्हीतून आवाज आला, नमस्कार, आज आपण सहसंबंध ही संकल्पना समजून घेऊ.

मी थक्क! अहो, समई पेटायची आहे! प्राचार्य काडी हातात धरून उभे आहेत! आणि हे गृहस्थ सुरू? इतका उतावीळपणा? पुण्याचा माणूस म्हणजे वेळेचा पक्का, कबूल. पण दुसऱ्याच्या घरी आल्यावर यजमानाने पाट मांडायच्या आत मांडी ठोकून बसायचं?

मी तडक उठलो आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

मुलांत कुजबुज झाली. मी डोळे वटारले. समई पेटली, स्वागतगीत झालं, आणि मी प्रास्ताविकाला उभा राहिलो. खोलीतला नेहमीचा माइक कुईकुई करत होता, म्हणून मॅडमचा तो छोटा माइक ओढला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. म्हटलं, वा, चांगला दिसतोय. पण आवाज खोलीत काही मोठा होईना. मग मीच मोठ्याने बोलायला लागलो. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे.

आधी रत्नागिरीची थोर परंपरा, मग आमच्या संस्थेचा इतिहास, मग विज्ञानाची झेप. तेवढ्यात लक्ष गेलं तर पडद्यावर डॉ. इनामदार हात जोडताहेत. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, रीत आठवली. मीही वाकून नमस्कार केला आणि त्यांची ओळख सुरू केली. त्यांची सुवर्णपदकं सांगितली, तर ते दोन्ही हात हलवून नको नको करायला लागले. केवढा हा विनय! आजकाल बघायला मिळतो का? अशा माणसाचं कौतुक हात आखडून करायचं नसतं. मी त्यांच्या मातोश्रींपासून सुरुवात केली.

मग ते घड्याळाकडे बोट दाखवायला लागले. मी सांगितलं, 'आपण वेळेची मुळीच चिंता करू नये, आम्ही सगळे निवांत आहोत.' त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. भारावले, दुसरं काय?

वैशालीने हात वर केला. मी म्हटलं, प्रश्न शेवटी. थोड्या वेळाने ती चक्क उभी राहिली आणि म्हणाली, सर, ते डॉक्टर काहीतरी... मी तिला बसवलं. "बाळ, प्रश्न शेवटी!" पहिल्या बाकावर बसून एवढी शिस्त नाही, याचा मला मनस्वी संताप आला.

मग सत्कार. प्राचार्यांनी टीव्हीवर शाल पांघरली. ती जरा खाली सरकून डॉक्टरांच्या कपाळापर्यंत आली, पण शोभत होती. नारळ ठेवला. टाळ्या झाल्या. आणि मी म्हटलं, "आता मी आपल्या सन्माननीय पाहुण्यांना विनंती करतो, की त्यांनी आपले अनमोल विचार मांडावेत." असं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा केला.

शालीखालून डॉक्टर म्हणाले, "आपली वेळ संपली आहे. रत्नागिरी केंद्राचे आभार."

पडदा निळा झाला.

मला सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही? एवढं कौतुक करावं, शाल द्यावी, नारळ द्यावा, आणि पाहुण्याने एक शब्द न बोलता निघून जावं? मी तिथेच भडकलो. पुण्याच्या माणसाला आमंत्रण देण्यापेक्षा बंदरावरच्या कावळ्याला द्यावं, तो निदान काव तरी करतो, असंसुद्धा बोललो. तेवढ्यात तासभर जनरेटरशी झटापट करून मयेकर मॅडम धापा टाकत आत आल्या, सरळ माझ्यासमोर वाकल्या आणि त्यांनी माइकचं बटण बंद केलं. लाल दिवा गेला.

"सर, हे सगळं गेलं," त्या म्हणाल्या.

"कुठे गेलं?"

"चांद्यापासून बांद्यापर्यंत. ज्याचं बटण चालू, तोच बाकीच्या सगळ्या केंद्रांवर दिसतो; त्याच्या स्वतःच्या टीव्हीवर मात्र पुणंच दिसत राहतं. तासभर सगळीकडे तुम्हीच होतात, आत्ताच्या त्या कावळ्यासकट. पुण्याहून त्यांनाही तुम्हाला बंद करता येईना. ऑफिसचा फोन वाजून वाजून थकला, उचलायला कोणी नव्हतं, शेवटी आत्ता मी उचलला. सगळे इथे टाळ्या वाजवत होते."

म्हणजे ते हात जोडणं, ते नको नको, ते घड्याळ! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पण तोंडातून काय निघावं? मी म्हटलं, मग त्यांनी तसं स्पष्ट सांगायचं होतं! मॅडम म्हणाल्या, ते पहिल्यापासून तेच सांगत होते, सर, आवाज तुम्ही बंद केलात.

यावर मी आणखी काहीतरी बोललोही असतो. बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. पण पहिल्या बाकावरून वैशाली उठली. कोरी वही हातात होती तिच्या.

"सर," ती म्हणाली, "मग आता सहसंबंध?"

एवढंच. ना राग, ना रडणं. सगळ्या आयुष्यात माइकसमोर शब्द न सुचण्याची पाळी माझ्यावर आली ती त्या क्षणी, आणि तेव्हा नेमका माइक बंद होता.

मग मीच प्राचार्यांच्या ऑफिसात जाऊन पुण्याला फोन लावला. डॉक्टरांची माफी मागितली. ती जरा लांबली, कारण माफीलाही प्रास्ताविक लागतंच. त्यांनी मला मध्येच तोडलं. म्हणाले, मुलांचं नुकसान नको, येत्या रविवारी सकाळी पुन्हा घेतो, सगळ्या केंद्रांसाठी. फक्त एक अट आहे. मी म्हटलं, सांगा, सत्काराचं काही राहिलं असेल तर... ते म्हणाले, "तुम्ही खोलीत यायचं नाही."

ऐकलंत? माझ्याच कॉलेजात मला बंदी! पण गेलो नाही हो. व्हरांड्यात बसून राहिलो. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, मध्येच वैशालीने प्रश्न विचारलेला ऐकू आला, आणि ते तिला समजावून सांगत होते. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगितलं. तासाचे दोन तास झाले. चांगलं शिकवत होते, हे कबूल करायला हवं. मलासुद्धा थोडासा सहसंबंध कळला.

वैशाली पास झाली. नुसती पास नाही, त्या पेपरात कॉलेजात पहिली. पेढे घेऊन घरी आली तेव्हा माझ्या बायकोला म्हणाली, सरांमुळे डॉक्टरांनी दुप्पट वेळ शिकवलं. मनाची मोठी पोर!

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय? तीन-चार वर्षांनी त्या लोकांनी सगळी व्याख्यानं इंटरनेटवर टाकली. कोणीही, कुठूनही, फुकट बघावीत म्हणून. मुक्त शिक्षण म्हणे! चांगलंच आहे, मी काही विरोधात नाही. मयेकर मॅडमची तोवर बदली झाली होती आणि प्राचार्यांनी, का कोण जाणे, केंद्रचालकांच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं. गेलो. दहाची वेळ होती आणि दहाला सुरू! समई नाही, गुलाबाचं फूल नाही, प्रास्ताविक नाही, काही नाही. मी शेवटच्या रांगेत नुसता धुमसत होतो. त्यातून प्रशिक्षण देणारी कोण? वैशाली तोडणकर. एमए करून त्याच प्रकल्पात नोकरीला लागलेली. माझा ऊर भरून आला, नाही म्हणत नाही.

तिने पहिलाच धडा लावला. 'केंद्रावर काय करू नये.' पडद्यावर कोण? मी! रत्नागिरीची थोर परंपरा सांगतोय. खोलीत हशा पिकला. लोक डोळे पुसायला लागले. कावळ्याचं वाक्य आलं तेव्हा तर पुण्याचे एक गृहस्थ खुर्चीवरून घसरले.

हसू देत. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण मला सांगा, हा माणूस कोण, कुठला, काय शिकवतो, किती वर्षं सूत्रसंचालन करतोय, यातलं एक अक्षर कोणी आधी सांगावं की नाही? एका माणसाला भर सभेत पडद्यावर आणता आणि त्याची साधी ओळखसुद्धा करून देत नाही? ही कुठली रीत? माझ्याच्याने राहवेना. मी हात वर केला.

वैशालीने बघितलं. ओळखलं. गालातल्या गालात हसली.

"सर," ती म्हणाली, "प्रश्न शेवटी."