नस बांधणे म्हणजे नसबंदी नव्हे

"नातू पाहिजे म्हणून याला आणलं, आणि तुम्ही याची नसबंदी करताय?" पेशंटची आई ऑपरेशन थिएटरच्या दारात आडवी उभी. पेशंट प्रवीण, सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या कारखान्यातला मशीन ऑपरेटर, गाऊन सोडून पँट शोधत होता.

झालं एवढंच, की सिस्टरने हिंदीत सांगितलं, "आज आपकी नस बांधेंगे." झालं, रामायण सुरू.

मी प्रवीणला बसवलं. "नसबंदीत शुक्राणूंची नळी बंद करतात. मी फुगलेल्या नसा बांधणार. अशा फुगलेल्या नसांना व्हेरिकोसील म्हणतात. वृषणाला थंडावा लागतो. नसांत रक्त साचून ऊब वाढते आणि शुक्राणू कमी होतात."

"म्हणजे कूलिंग लाईन चोक?"

"तसंच समज."

आई हलेना. "आणि चुकून नळीच बांधली तर?"

तिची सून सुरेखा भिंतीशी उभी होती. मूल होत नाही म्हणून सासूने दुसरी मुलगी बघायला घेतली होती, हे तिने मला ओपीडीत रडत सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, इतकी वर्षं माझ्याच तपासण्या झाल्या. आज यांचं होऊ द्या." सासू दारातून बाजूला झाली.

मी शिकत होतो तेव्हा पोटावर वरच्या बाजूला चिरा देऊन नसांचा जुडगाच बांधायचे. कधी वृषणाभोवती पाणी भरायचं, कधी नसा पुन्हा फुगायच्या. मग दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. आता जांघेजवळ छोटा चिरा आणि वर मायक्रोस्कोप. बारीक धमनी वाचवायची, खराब नसा तेवढ्या बांधायच्या. यासाठी इथली माणसं मुंबई गाठायची. मी ते सिल्वासात सुरू केलं, आणि हे सांगताना माझी कॉलर ताठ होते.

भूल कमरेतल्या इंजेक्शनने फक्त खालच्या भागाला दिल्यामुळे प्रवीण जागाच होता. मी स्क्रीनकडे बोट केलं. "ही तुझी नळी. शाबूत आहे."

"आईला सांगा," तो म्हणाला.

फरक पडायला काही महिने लागतात, आणि सगळ्यांना पडतोच असं नाही. प्रवीणला पडला. सुरेखाला दिवस गेले तेव्हा सासू माझ्यासमोर बसली. "सुनेला उगाच बोल लावला मी."

"मला कशाला सांगता? ती बाहेर बसलीय."

मूल होत नसेल तर नवऱ्याची तपासणी सगळ्यात सोपी. आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते.