मुकादमच्या भिंतीवरची माझी फ्रेम

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मुकादम आधी त्याच्या पोटाकडे बघायचा आणि मग सायकलकडे. नगरच्या एका बड्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "याहून हलकी फ्रेम मिळेल का?" हा म्हणाला, "फ्रेममधला अर्धा किलो कमी करायला लाखभर घालता. ढेरीतले दोन किलो कमी करा, फुकट हाय." डॉक्टर हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता, कारण त्या महागड्या सायकलींचे गिअर नीट लावणारा माणूस शहरात तेवढा एकच होता.

त्याचं खरं नाव बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम खेकसतो तसा तो गिऱ्हाइकांवर खेकसायचा, म्हणून मुकादम. मला मात्र तो 'शेठ' म्हणायचा, 'तुमी' म्हणायचा, आणि त्यातून असा काही सूर काढायचा की शिवी परवडली.

मी कर्जतचा. हातगाडीवर भंगार गोळा करत नगरला आलो. आज माझं स्वतःचं गोडाऊन आहे, टेम्पो आहेत. घासाघीस न करता मी आयुष्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही. शुगर निघाली तेव्हा त्याच डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं आणि पहाटेच्या ग्रुपमध्ये ओढलं. ग्रुपमध्ये डॉक्टर, बिल्डर, वकील. सगळ्यांच्या बुडाखाली कार्बन फायबरच्या हलक्या, महागड्या सायकली. मी जुनी सायकल घेऊन गेलो की मागून हाक यायची, "भंगार आलं का रे?" मला कार्बन हवी होती. त्यांची तोंडं बंद करायला हवी होती.

मुकादमने टेबलावर तीन फ्रेम मांडल्या आणि नाण्याने एकेक वाजवून दाखवली. "हे स्टील. जड हाय, गंजतं, कुरकुरतं. पन वाकलं तर दिसतं, ठोकून सरळ करता येतं. हे ॲल्युमिनियम. हलकं, ताठ, स्वस्त. खड्ड्यात गेलं की दणका थेट मणक्यात. वर्षानुवर्षं मुकाट थकतं आन् एक दिवस तुटतं. आन् हे कार्बन. पायानं जोर लावला की पळतं, पन नको तिथं दाबलं तर आत फुटतं आन् वरचा रंग तसाच."

"कार्बनचा भाव सांग."

"तुमाला न्हाई विकायची. तुमी स्टील घ्या. तुमचा हात भंगाराचा हाय."

दुकानात ग्रुपमधले दोघे उभे होते. ते खो खो हसले. मी त्याच आठवड्यात पुण्याला गेलो, दुकानदाराचा घाम काढला आणि कार्बनची सायकल घेऊन आलो. मुद्दाम मुकादमच्या दारावरून घंटी वाजवत गेलो. त्याने मान वर केली नाही.

नंतर भंडारदऱ्याची राईड ठरली. अकोले गावापर्यंत गाड्यांनी जायचं आणि तिथून सायकली काढायच्या. बाकीच्यांच्या सायकली त्यांच्या मोटारींवर होत्या. माझी माझ्याच टेम्पोत. टेम्पोत माल कसा बांधायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही: वरून दोर टाकायचा, मधे दांडकं घालायचं आणि पीळ देत जायचं, माल जागचा हलता कामा नये. तसाच दोर मी सायकलच्या वरच्या दांडीवरून आवळला. दुरुस्तीला म्हणून मुकादम सोबत होता, पुढे ड्रायव्हरजवळ बसून त्याने वाटभर शेंगदाणे खाल्ले.

अकोल्यात दोर सोडला. मुकादमने दांडीवरून अंगठा फिरवला आणि नाणं मारलं. बाकी जागी टक, मधोमध भद्द. "गेली," तो म्हणाला. मी म्हणालो, रंगाला चरासुद्धा नाही. त्याने दोन्ही चाकं काढून टेम्पोत टाकली, फ्रेम रस्त्याच्या कडेला आडवी ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. "हेल्मेट काढा. शेठची कार्बन वारली. दोन मिनिटं शांतता."

आणि ते उभे राहिले! डॉक्टर, वकील, सगळे माना खाली घालून, खांदे गदगद हलवत.

मी फ्रेम उचलली आणि त्याच्या अंगावर भिरकावली. "ठेव तुझ्या मढ्यावर!"

"मढं व्हायला वेळ हाय. तवर भिंतीवर ठेवतो," तो म्हणाला. आणि ठेवली. गल्ल्याच्या वर, रस्त्यावरून दिसेल अशी. नवं गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे बोट: "हे असं बांधायचं नसतं."

स्टीलची सायकल मी शेवटी त्याच्याचकडून घेतली. एक रुपया सोडला नाही हलकटाने. ती अजून माझ्याकडे आहे. दोनदा वाकली, दोनदा त्यानेच सरळ केली, आणि दोन्ही वेळा ठोकताना माझ्या वजनावर बोलला.

भिंतीवरची फ्रेम मात्र मला परत हवी होती. दर आठवड्याला जायचो. विकत मागितली, बदल्यात माल देतो म्हणालो, पोलिसात जाईन म्हणालो. तो चहा सांगायचा, खुर्ची पुसायचा आणि म्हणायचा, "न्हाई." मग आमचं अर्धा तास भांडण. शेजारचे दुकानदार ऐकायला यायचे.

तो आजारी पडला तेव्हा दवाखान्यात गेलो. खाटेवर नुसती हाडं होती. मी म्हणालो, "मुकादम, आता तू कार्बनपेक्षा हलका झालास." तो इतका हसला की नर्स धावत आली. खोकला थांबल्यावर मी विचारलं, "फ्रेमचं काय?"

"न्हाई."

"किती घेशील ते तरी बोल."

"मी गेलो की पोरगं फुकट दील. फुकट घ्यायची सवय हाय का, शेठ?"

मुकादम गेला. चाळिसावा झाल्यावर त्याच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात नोकरीला, दुकान बंद करणार होता, भंगार उचलायला मीच हवा होतो. स्टील वेगळं काढलं, ॲल्युमिनियम वेगळं. मुलाने स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. "ही तुमची ना, काका? घेऊन जा."

"कितीला?"

"तुमचीच आहे. पैसे कसले?"

"असं कसं? काहीतरी भाव सांग. नाही तर नाही म्हण."

तो गोंधळला. "अब्बा म्हणायचे, ही भिंतीवरून काढली तर शेठ यायचा बंद होईल. आता काय... न्या तुम्ही."

"बापाचं दुकान घेतलंस, जीभ का नाही घेतलीस?" मी ओरडलो आणि बाहेर आलो.

कार्बन कुठलीच भट्टी घेत नाही. काट्यावर तिची किंमत शून्य. ड्रायव्हरने ती टेम्पोत मालावर टाकली, दोर टाकला आणि पिळायला दांडकं उचललं.

"आवळू नको!"

"फुटल्यालीच हाय की, शेठ."

गोडाऊन येईपर्यंत मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. फ्रेम माझ्या मांडीवर होती.