मासा दिसतो, घार दिसत नाही

‘पायलट’ नावाचा गॉगल घालणारा एकही माणूस नाशिकमध्ये जमिनीपासून वर गेलेला मी पाहिलेला नाही. ते सगळे चौकाचौकातल्या फ्लेक्सवर असतात. वाढदिवस कुणा एका दादांचा, शुभेच्छुकांचे चेहरे दोन डझन, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तोच थेंबाच्या आकाराचा, सोनेरी काडीचा गॉगल. सगळे मान वर करून आकाशाकडे बघत असतात आणि लक्ष महापालिकेच्या तिकिटाकडे असतं. गॉगलमागे डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते निवडून आल्यावरच कळतं.

मला मात्र खरोखर उडायचं होतं. मी कॉलेजात गणित शिकवते. पन्नाशी उलटल्यावर माझ्या मैत्रिणी त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्या वाढवू लागल्या आणि एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करू लागल्या. मी ग्लायडर शिकायला जाऊ लागले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. शहरापासून गाडीने तासाभरावर एका क्लबचं माळरान आहे, तिथे लांब दोराने ते पतंगासारखं वर ओढतात आणि दोर सुटला की पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

घरी हे सांगितलं तेव्हा आमचे हे चहा पीत होते. हे इमारतींचे नकाशे काढतात. घरात पंखा घ्यायचा तरी तीन दुकानं पालथी घालून, विक्रेत्याला घाम फोडून मग घेतात. असा माणूस चहाचा कप हातात धरून नुसता बसला. चहा निवला, वर साय धरली. मग म्हणाले, “त्याला गॉगल लागत असेल ना?”

मला वाटलं, चला, परवानगी मिळाली. इतकी वर्षं संसार करूनही मी किती भोळी आहे ते तेव्हा कळलं नाही.

गॉगल लागणार होताच. आम्हाला शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते माझ्या मागच्या सीटवर बसायचे आणि वर गेलं की एकच प्रश्न विचारायचे, “घार कुठे आहे?” कारण घार पंख न हलवता गोल गोल वर जात असेल, तर तिथली हवा वर चाललेली असते. ग्लायडरने तिथे जायचं आणि तिच्या शेजारी फुकटात उंची मिळवायची. मी उन्हात डोळे बारीक करून शोधत राहायचे आणि मला घार दिसेपर्यंत सरांची ती बघून झालेली असायची. शेवटी त्यांनी अट घातली. “ज्या दिवशी माझ्याआधी तुम्हाला घार दिसेल, त्याच्या पुढच्या खेपेला मी खाली थांबेन. आणि आधी एक धड गॉगल घ्या.”

एकटीने उडायचं, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. आणि ते आता एका गॉगलवर येऊन अडलं होतं.

ह्यांनी ती मोहीम ताब्यात घेतली. रोज संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ. कुठल्या देशातले वैमानिक काय घालतात, कुठली काच अमेरिकेत चालते आणि भारतात का चालत नाही, जेवताना हेच. शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर त्यांनी सल्ला मागितला. त्या ग्रुपमधले बहुतेक जण विमानात खिडकीची सीट मिळावी म्हणून भांडण्यापलीकडे कधी गेलेले नाहीत, पण सल्ला सगळ्यांनी दिला. एकाने तर गॉगलऐवजी गाजराचा रस सुचवला.

एका शनिवारी आम्ही गंगापूर रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. सासूबाईही आल्या. त्या मूळच्या कळवणकडच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गॉगल या विषयातल्या घरातल्या एकमेव अनुभवी. दुकानदाराने “पायलटसाठी ना, साहेब? मग पायलटच बघा,” म्हणत फ्लेक्सवरचा तोच गॉगल पुढे केला. मी घातला. आरशात एक नगरसेविका दिसली.

“लय भारी दिसती,” सासूबाई म्हणाल्या. “मत देईन मी.”

मग दुकानदाराने खास माल काढला. पोलराइज्ड. सोबत एक चित्र आणलं, समुद्राच्या लाटांचं. “साध्या डोळ्यांनी बघा साहेब, काय दिसतंय? पाणी. आता हा घालून बघा.” ह्यांनी घातला. चेहरा उजळला. “अगं, मासा! पाण्याखाली मासा आहे!” मग मी मासा बघितला, सासूबाईंनी मासा बघितला, शेजारी नंबर काढायला आलेल्या गृहस्थांनीही बघून घेतला. पाण्यावरची चमक ही काच खाऊन टाकते, त्यामुळे खालचं दिसतं, असं दुकानदार सांगत होता. माशापुढे कुणाचं काही चाललं नाही. दुकानातला सगळ्यात भारी गॉगल घेऊन आम्ही बाहेर पडलो. जाड काड्या, बाजूने बंद, एकदम भक्कम. ह्यांच्या मते सुरक्षित.

रविवारी तो घालून मी ग्लायडरमध्ये बसले आणि समोरचा छोटा पडदा काळा झाला. उंची, वेग, वर चाललोय की खाली, सगळं गायब. मान तिरकी केली की उजळायचा, सरळ केली की पुन्हा काळा. डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर इंद्रधनुष्याचे डाग उमटले. बाजूचं बघायला जावं तर मध्ये काडी. घार त्या दिवशी सरांना तर दिसलीच, मला खाली उतरल्यावरही दिसली नाही.

सरांनी गॉगल हातात घेऊन उलटसुलट केला. “लांबचं ग्लायडर आधी चमकतं, मग दिसतं,” ते म्हणाले. “तुमची ही काच चमकच खाते. हा कोळ्याला द्या.”

घरी येऊन हे सांगितलं तर ह्यांना पटेना. मी मान चुकीची धरत असेन. पडदाच खराब असेल. सरांची पिढी जुनी आहे. दुकानदार परत घेईना म्हटल्यावर हे स्वतःच तो गॉगल घालून फिरू लागले आणि दुसऱ्या गॉगलचा अभ्यास सुरू झाला. उन्हात आपोआप काळी होणारी काच, मग आणखी कुठली तरी. “ठरेपर्यंत तू जायची घाई करू नकोस,” असं एकदा सहज बोलून गेले आणि माझं डोकं फिरलं.

“मला मासा बघायचा नाहीये!” मी ओरडले. “घार बघायची आहे! तुम्ही आयुष्यभर काचाच निवडत बसणार आहात का?”

हे गच्चीवर निघून गेले. सासूबाई मटार सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “त्याला गॉगलाचं काय पडलंय? ल्हान होता तव्हा मला ताप आला का हा भांडायचा माझ्याशी. औषधाची बाटली हिरवीच का हाय म्हून. दिसभर बाटलीवरून रडायचा. ताप हा शब्द काय तोंडातून निघायचा नाय.”

मीही समोर बसून शेंगा सोलू लागले. राग गेला नाही, पण कुणावर काढायचा ते समजेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एकटीच दुकानात गेले. साधी, तपकिरी काच. पोलराइज्ड नाही. फ्रेम असून नसल्यासारखी, काड्या वायरीसारख्या बारीक. दुकानदाराला इतकं वाईट वाटलं की त्याने डबीसुद्धा साधीच दिली. घरी आल्यावर सासूबाईंनी तो हातात घेऊन डोळ्याला लावला, खिडकीतून खाली बघितलं. “खाली उतरायची जागा दिसती ना यातून नीट?”

“दिसते, आई.”

“मंग झालं.”

इतक्या दिवसांत कामाचा प्रश्न हा एवढाच विचारला गेला होता.

त्या रविवारी मला घार सरांच्या आधी दिसली. माळाच्या उजव्या अंगाला, डोळ्याच्या अगदी कडेला. मी “घार!” म्हणून अशी किंचाळले की सर मागच्या सीटवर दचकले. घरी सांगितलं, पुढच्या रविवारी एकटी उडणार आहे. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, “मी येतो.”

आले. मासेवाला गॉगल घालून आले. त्या माळावर खरोखर उडणाऱ्यांच्या टोप्या विटलेल्या आणि गॉगल साधे होते, त्यामुळे सगळ्यात मुरलेला वैमानिक तेच दिसत होते.

ग्लायडरला मोठं चाक एकच, मधोमध. उभं असताना एक पंख जमिनीला टेकलेला असतो. निघताना कुणीतरी तो टोकाशी उचलून सपाट धरायचा, चार पावलं बरोबर धावायचं आणि सोडायचा. नेहमीची मंडळी लांब उतरलेलं दुसरं ग्लायडर आणायला गेली होती. सरांनी ह्यांना हाक मारली. “साहेब, या. पंख धरा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, नुसता तोलायचा. तो स्वतःच हातातून जाईल. जाऊ द्यायचा. आणि उचलायच्या आधी वर सगळीकडे बघून घ्या, कुणी येत नाही ना.”

मी पट्टे आवळून आत बसले होते. मागची सीट रिकामी. ह्यांनी गॉगल काढून शर्टाला अडकवला आणि आकाश बघायला सुरुवात केली. नकाशा तपासतात तसं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. सर घड्याळ बघू लागले. “साहेब, आकाश मोकळं आहे.”

“थांबा!” हे ओरडले. “घार आहे!”

“कुठे?”

“त्या टेकडीच्या अलीकडे. अगदी हिच्या वाटेत. ती जाऊ द्या, मग सोडा.”

सर माझ्याकडे वाकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना. “तुमच्या घरात घार आधी कुणाला दिसते ते आज कळलं. हवा मिळाली तर तिथे दोन चकरा मारा. नाही तर सरळ उतरा.”

दोर ताणला गेला. बारीक काडीचा एक फायदा सरांनी मला सांगितला नव्हता. पंखाच्या टोकाशी धावणारा नवरा पूर्ण दिसतो. शर्ट बाहेर आलेला, तोंड उघडं, पोट हलतंय, आणि हात मात्र एखाद्या तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली धरावा तसा पंखाखाली. मग पंख सुटला. त्यांचा हात तसाच वर राहिलेला मी पाहिला, आणि जमीन गेली.

घार तिथेच होती. मी तिच्याजवळ गेले आणि खालून कुणीतरी खुर्ची उचलावी तशी हवा लागली. मागून कुणी काही विचारत नव्हतं. मी मोठ्याने हसले. दोन चकरा सांगितल्या होत्या, मी किती मारल्या ते सरांना अजून सांगितलेलं नाही.

उतरले तेव्हा हे धावत आले. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघून बघून डोळे लाल झाले होते, पाणी वाहत होतं. गॉगल शर्टाला लटकतच होता.

“इतका वेळ का लावलास?”

“तुम्ही दाखवलेल्या घारीपाशी गेले होते.”

“मी ती अडचण म्हणून दाखवली होती.”

मग म्हणाले, “मला फार भीती वाटली गं. पहिल्या दिवसापासून वाटतेय.”

“मग सांगायचं ना तसं! नुसतं गॉगल, गॉगल, गॉगल.”

“सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.”

सरांनी लांबून हाक मारली. ग्लायडर मागे न्यायचं होतं, रांगेत दुसरं कुणी थांबलं होतं. ह्यांनी डोळे पुसले आणि कुणी न सांगता जाऊन पंखाचं टोक धरलं.