चहात पिस्टन

साहेबांची जीप चौकीसमोर थांबली, तेव्हा शिपायाच्या रायफलचा पिस्टन माझ्या चहात उकळत होता.

कळमेश्वरच्या त्या चौकीसमोर माझी टपरी आहे. हा शिपाई दर सोमवारी माझ्या बाकावर फडकं पसरून रायफल खोलायचा, गॅसची नळी फुंकणीसारखी फुंकायचा आणि एक डोळा मिटून आत पाहायचा.

"आजी, गोळीचा धूर या पिस्टनले ढकलते. काजळी साचली का दुसरी गोळी येतच नाही," म्हणायचा. त्यानं पहिली झाडलेलीही मी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी काजळी सुटावी म्हणून त्यानं तो पिस्टनचा लोखंडी गज न विचारता माझ्या उकळत्या पाण्यात टाकला. मी न पाहता त्यात पत्ती, साखर, दूध घातलं. तेवढ्यात जीप आली आणि तो ओरडला,

"रायफल खुली दिसली तर साहेब मले सस्पेंड करते, आजी!"

"बोंबलून काहून राहिला गा? चिमटा घे, काढ."

त्यानं गज काढला, पुसला, रायफल जोडली आणि सलाम ठोकला. साहेबांनी रायफल पाहून मान डोलावली आणि चहा मागितला. चहा तोच होता.

"कडक आहे आजी, आणखी द्या."

शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साहेब दोन कप प्याले, ड्रायव्हर एक. दोघंही जिवंत आहेत आणि शिपाई नोकरीत आहे.