डोमाजींचा ट्रे

पोटातून काढलेली वस्तू घरच्यांना दाखवल्याशिवाय डोमाजी ती कुठेही जाऊ देत नसत. मी त्या दवाखान्यात रुजू झाले त्याच आठवड्यात हे कळलं. अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, मी टाके घालत होते, तेवढ्यात पन्नाशीचा, काळासावळा, रुंद पंजांचा एक माणूस स्टीलचा ट्रे पुढे धरून उभा राहिला. "टाका जी याच्यात. बाहेर लोक वाट पाहून राह्यले." तपासणीला पाठवायची घाई असेल असं मला वाटलं. हात धुऊन बाहेर आले तर व्हरांड्यात ट्रेवरचं हिरवं फडकं बाजूला झालेलं आणि पेशंटचे आईबाप, चुलते माना वाकवून आत बघताहेत. "पाहून घ्या. हात लावू नका. हे करंगळीएवढं राह्यते, आता पाहा केवढं सुजलं. पाहलं सगळ्याईनं? मंग झालं." फडकं परत घालून, त्याचे चारी कोपरे सारखे करून डोमाजी निघाले. मी साताऱ्याकडची, शहरात शिकलेली. मला तो प्रकार किळसवाणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते "हो जी" म्हणाले आणि पुढच्या ऑपरेशनला पुन्हा ट्रे घेऊन हजर.

गडचिरोली जिल्ह्यातला तो एका संस्थेचा वीस खाटांचा दवाखाना. सर्जन मी एकटीच. भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा चंद्रपूरहून येत आणि चारच्या बसनं परत जात. डोमाजी थिएटरमधले मदतनीस. जातीनं ढिवर, अर्धं आयुष्य वैनगंगेच्या पात्रात जाळं टाकण्यात गेलेलं. आतडी बघून नवा शिपाई चक्कर येऊन पडला तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "मासोळी साफ करनाऱ्याले याचं काय नवल रे बाबू!" सिरोंच्याकडचे पेशंट आले की आमची पंचाईत व्हायची, कारण त्यातल्या कितीतरी जणांना तेलुगूशिवाय काही येत नसे. डोमाजींचं मात्र अडत नसे. ते ट्रे उघडायचे, बोट दाखवायचे आणि समोरच्यांच्या माना हलेपर्यंत थांबायचे.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "भाऊ, हे वेड कुठून लागलं तुम्हाला?" त्यांनी कप खाली ठेवला. त्यांची बायको कौतिकाबाई लग्नानंतर दोन वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं एका मोठ्या गावच्या दवाखान्यात भरती होती. पोट उघडलं, काहीतरी काढलं, टाके घातले आणि घरी पाठवलं. पुढं तिला मूल झालं नाही. "काय काढलं, कोनी सांगतलं नाई जी. मी दारात उभा होतो. पाच मिनटाचं काम होतं. कोनी बाहेर येऊन दाखवलं असतं तं आमी दोघं तिथीच रडून मोकळे झालो असतो. आता तीस साल झाले, ती रोज इचारते आन मले मालूम नाई." नंतर ट्रेबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

मग दुर्बीण आली. नागपूरच्या कुणा दात्यानं दिलेली, जुनी पण धडधाकट. तीन भोकं पाडायची, आत दुर्बीण सरकवायची आणि टीव्हीकडे बघत काम करायचं. मी हरखून गेले. लोकांचा मात्र विश्वास बसेना. त्यांच्या लेखी जेवढा मोठा टाका तेवढं मोठं ऑपरेशन. एक बाई तर पित्ताची पिशवी काढल्यावर पाचव्या दिवशी धानाच्या रोवणीला गेली आणि चिखलात आडवी झाली. तेव्हापासून डोमाजी ट्रे दाखवताना दटावून सांगू लागले, "भोक लहान हाय, पन आतून हे एवढं काढलं, ध्यानात ठेवा." पित्ताचे खडे ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून द्यायचे. घरोघरी त्या बाटल्या फळीवर ठेवलेल्या असत म्हणे.

मार्कंड्याची जत्रा होती त्या दिवसांतली ही गोष्ट. जंगलातल्या एका गावाहून जैनी नावाची सतरा-अठरा वर्षांची गोंड मुलगी आली. बापानं, चैतूनं, भावकीच्या मदतीनं तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं आणि पुढं जीपनं. ताप, पोट दुखतंय, उजवीकडे हात लावला की कळवळते. मी अपेंडिक्सचं निदान करून मोकळी झाले. तयारी करता करता डोमाजी माझ्याजवळ आले. "बाई, इचे डोळे पिवळे दिसून राह्यले. पोटापेक्षा पायाच्या नळ्याच जास्ती दाबून राह्यली. सिकलवाली तं नसन?"

सिकलसेल तिकडे घराघरात. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकल्या की हाडं दुखतात आणि पोटही हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं. हे मला ठाऊक होतं. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला अर्धा तास पुरला असता. लॅबवाला जत्रेला गेला होता, पण काच मलाही बघता येत होती. मात्र तीन वाजले होते आणि भूलवाले डॉक्टर चार वाजता निघणार होते. शिवाय खरं सांगायचं तर, दुर्बिणीतून तातडीचं ऑपरेशन करायची ती माझी पहिलीच संधी होती आणि मला ती सोडवत नव्हती. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही ट्रे सांभाळा."

टीव्हीवर जैनीचं पोट आतून स्वच्छ दिसलं. अपेंडिक्स फिकट, सडपातळ, सुजेचं नाव नाही. दुर्बीण बाहेर काढून तिथंच थांबायला हवं होतं. मी अपेंडिक्स काढलं. काहीतरी केल्याशिवाय बाहेर कसं यायचं, एवढंच डोक्यात होतं. डोमाजींनी ट्रेमध्ये बघितलं, मग माझ्याकडे. "हे तं चांगलं हाय जी."

"सुजलं होतं म्हणून सांगा," मी म्हणाले.

ते ट्रे घेऊन बाहेर गेले. मी दाराशी उभी राहून ऐकलं. "चैतू, पाहून घे. हे चांगलं निघालं. दुखनं याच्यात नोतं. बाईले वाटलं होतं, पन नोतं."

"मंग काऊन काढलं?"

"चुकलं. आता रगत तपासतीन. तू कुठी जाऊ नको, इथीच राह्य."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक दवाखान्यावर चालून येतील, नोकरी जाईल, नाव जाईल, सगळं डोळ्यांपुढं आलं. डोमाजी आत येताच मी सगळ्यांदेखत ओरडले, "उद्यापासून थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही!" त्यांनी ट्रे धुऊन जागेवर ठेवला. "बरं जी. पन पोरीचं रगत पाहा पयले."

मी काच पाहिली. पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जैनीला धाप लागली. या आजारात ऑपरेशननंतर छाती भरण्याची भीती असते, तेच झालं होतं आणि ते माझ्या हातून ओढवलं होतं. रक्त हवं होतं, तेही चंद्रपूरहून. एरवी रक्ताचं नाव काढलं की माणसं पेशंट उचलून घर गाठत. चैतू पळाला नाही. गावातून दोन भाऊ घेऊन आला आणि डोमाजींबरोबर जीपमध्ये बसला. तिघांनी तिकडे रक्त दिलं आणि बदल्यात बाटल्या आणल्या. मी चैतूला विचारलं, माझ्यावर राग नाही का? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "राग हाय. पन तुमच्या मानसानं खोटं नाई सांगतलं. म्हनून थांबलो." जैनी अकराव्या दिवशी चालत घरी गेली. मी डोमाजींकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "येतो जी. पन जे हाय तेच सांगीन." दुसऱ्या दिवसापासून ट्रे पुन्हा माझ्या बाजूला होता.

पुढं सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. एका सकाळी डोमाजी पोट धरून ओपीडीत आले. घामानं शर्ट ओला. "लय दुखून राह्यलं जी. असं कधी दुखलं नाई." मी पोट तपासलं. मऊ होतं. बाहेर साठ पेशंट बसलेले. गॅसचं इंजेक्शन दिलं आणि "पडून राहा थोडा वेळ" म्हणाले. कधी तक्रार न करणारा माणूस असं बोलतो म्हणजे काय, याचा विचार केला नाही. पोट मऊ आणि कळा मात्र असह्य, ही आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण विद्यार्थी असताना मी घोकली होती. दुपारी त्यांचं पोट दगडासारखं लागलं आणि नाडी बुडू लागली. नागपूरला नेण्याइतका वेळ नव्हता. भूलवाले डॉक्टर त्या दिवशी होते, म्हणून दुर्बीण घातली. टीव्हीवर आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं पडलं होतं. रक्तवाहिनी बंद झाली होती. काढायचं म्हटलं तर सगळंच काढावं लागलं असतं. मी दुर्बीण बाहेर घेतली आणि ते एकच भोक शिवलं.

ट्रे टेबलाशेजारी रिकामा होता. नव्या मदतनिसाला तो उचलण्याची हिंमत होईना. मी उचलला, वर हिरवं फडकं घातलं आणि व्हरांड्यात गेले. कौतिकाबाई बाकावर बसल्या होत्या. वीस पावलांच्या त्या वाटेत माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. अर्धंच सांगितलं तर त्यांना कधीच कळणार नव्हतं. आणि डोमाजींना ते चाललं नसतं.

मी फडकं बाजूला केलं. "काही काढलं नाही, बाई. सगळं आतडं काळं पडलंय. काढण्यासारखं काही उरलं नाही. आजची रात्र निघेल का, सांगता येत नाही." त्या ट्रेकडे बघत राहिल्या. मग मी पुढचं बोलले, "सकाळी ते माझ्याकडे आले होते. मी गॅस समजले. तेव्हाच बघितलं असतं तर कदाचित काही वाचलं असतं. माझं चुकलं."

कौतिकाबाई पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "माह्या वक्ती असं कोनी बाहेर आलं नोतं." आणि थोड्या वेळानं, "त्याईले होश येईन का?"

"येईल, थोडा वेळ."

"तं त्याईलेबी दाखवा."

संध्याकाळी डोमाजींनी डोळे उघडले. मी ट्रे त्यांच्या पुढं धरून फडकं बाजूला केलं. त्यांनी आत बघितलं. "काईच नाई?"

"काहीच नाही, भाऊ. सगळं काळं झालंय."

ओठ कोरडे पडले होते, शब्द एकेक करून येत होते. "तिले सांगतलं?"

"सांगितलं."

"सारं?"

"सारं. सकाळचंही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग बरं," म्हणाले, आणि हात वर करून ट्रेवर फडकं ओढलं, त्याचे चारी कोपरे सारखे केले.