खडमोरांचं रान

आजूबाजूचे सगळे माळ कपाशीखाली गेले, तरी धानोऱ्याजवळ कमरेएवढ्या गवताचा एक तुकडा तसाच होता. तो विकत घेऊन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. माळात शिरताना ते वहाणा काढून हातात घेत आणि पाऊल टाकण्याआधी काठीनं गवत हलकेच बाजूला सारत.

"आबा, तुम्हनी कपाशी उगनी का?" बांधावरून लोक खिजवत.

"उगनी शे ना! उडी बी ऱ्हायनी!" हात पंखांसारखे हलवत आबा हसत.

मी रत्नागिरीकडचा, चौथीत शाळा सुटलेला. आबांनी मला वर्षाच्या बोलीवर सालदार ठेवलं होतं, आणि काम जाईल या धास्तीनं मी न सांगितलेलीही कामं करी. तसाच एका आषाढात, पेरणीला उशीर होतोय म्हणून, न विचारता मी त्या माळात नांगर घातला. आबा चिखलातून धावत आले आणि बैलांपुढे आडवे उभे राहिले.

"थांब भो! हाई रान मी त्यासनाकरता लिधं शे."

कोणाकरता, हे विचारायच्या आत समोरच्या गवतातून एक काळा पक्षी माणसाच्या उंचीएवढा सरळ वर उसळला, पांढरे पंख क्षणभर थरथरले आणि तो परत गवतात बुडाला. खडमोर, म्हणजे तणमोर. मग पलीकडे दुसरा. माझ्या हातातला कासरा गळून पडला.

आता आबा मला हाकलणार, म्हणून मी मान खाली घातली. आबांनी बैलांचं जू सोडलं.

"पानी पडनं का तो खडमोर दूरथून येस. तू बी दूरथूनच वना. ऱ्हाय आठेच," ते मला तिथेच ठेवून घेत म्हणाले, आणि माझ्या वहाणांकडे बोट दाखवलं.

मी त्या काढून हातात घेतल्या.